चित्रगुप्त फिल्म बघतो का?

चित्रगुप्ताच्या हिशेबाबद्दल मला एक धंदेवाईक शंका आहे. मी पडलो बँकेतला कारकून, त्यातून बी.कॉम.; त्यामुळे पापपुण्यापेक्षा नोंदीच्या पद्धतीत माझा जीव जास्त अडकतो. माणसाच्या हातून काही घडलं, की चित्रगुप्त ते खात्यावर मांडतो केव्हा? घडलं त्या दिवशी, की त्याचं फळ दिसलं त्या दिवशी? आमच्या भाषेत सांगायचं, तर वरती मर्कंटाइल पद्धत आहे की रोख पद्धत? सबंध बॅलन्सशीट यावर अवलंबून आहे हो!

असले प्रश्न लोकांना गीतेवरच्या प्रवचनात पडतात. मला तो अमेरिकन फुटबॉलमुळे पडला, आणि त्याला माझा सिअ‍ॅटलवासी भाचा जबाबदार आहे. सुट्टीवर आला की हा पठ्ठ्या आमरस खाता खाता लॅपटॉपवर फुटबॉलच्या फिल्म बघतो. एकच फेक पुढून, मागून, थांबवून, सावकाश. आमची सौ. म्हणते, ‘‘अरे, चेंडू तेवढ्याने मागे येणार आहे का?’’

हा खेळ समजायला फार कठीण नाही, फक्त पायाशी त्याचा संबंध शोधत बसू नये. चेंडू सोललेल्या नारळासारखा. अकरा गडी इकडे, अकरा तिकडे. चार खेळ्यांत दहा यार्ड पुढे सरकायचं. क्वार्टरबॅक नावाचा माणूस चेंडू घेऊन उभा राहतो. पलीकडचे चार-पाच धिप्पाड गडी त्याला भुईसपाट करायला धावत येतात आणि त्याचे पाच तसेच धिप्पाड गडी त्यांना थोपवतात. एवढ्या गदारोळात त्याने आधी पहिला भिडू पाहायचा. तो झाकला गेला असेल तर दुसरा, मग तिसरा. याला ‘रीड’ म्हणजे वाचणं म्हणतात. वेळ साधारण अडीच-तीन सेकंद. आमच्याकडे पेन्शनर मंडळींना चष्मा शोधायला याहून जास्त वेळ लागतो, आणि तेव्हा त्यांच्या अंगावर कुणी धावून येत नसतं.

ही वाचणी फिल्मवर तपासायची विद्या जुनी आहे. सिड गिलमन नावाचा एक नाणावलेला प्रशिक्षक होता. त्याच्या घरच्यांचा मिनियापोलिसला चित्रपटगृहांचा धंदा, आणि हा बातमीपटांतले फुटबॉलचे तुकडे कापून घरी नेऊन बघत बसायचा. आता उंचावरच्या कॅमेऱ्यातून बावीसच्या बावीस गडी दिसतील अशी फिल्म निघते. पूर्वी ती फक्त संघांपुरती होती. २०१२ पासून वर्गणी भरणाऱ्या कुणालाही मिळू लागली. तेव्हापासून घरोघरी इन्स्पेक्टर झाले.

पण या इन्स्पेक्टरांच्या नोंदी पाहून मी थक्क झालो. क्वार्टरबॅकने चेंडू थेट शत्रूच्या हातात घातला आणि त्या गाढवाच्या हातून तो सुटला, तर फलकावर काहीच चढत नाही. फिल्मवाले मात्र क्वार्टरबॅकच्या नावे रीतसर खर्च टाकतात. उलट चेंडू आपल्याच भिडूच्या तळव्यावर आपटून शत्रूकडे उडाला, तर फलक क्वार्टरबॅकला दोषी धरतो आणि फिल्मवाले त्याला सोडून देतात. म्हणजे फलक ही रोख वही, फिल्म ही मर्कंटाइल! माझ्या शंकेवर अमेरिकेत दर आठवड्याला काम चालू होतं आणि मला पत्ताच नव्हता.

भाचा पुन्हा पुन्हा बघतो ती फेक १ फेब्रुवारी २०१५ ची, अ‍ॅरिझोनातल्या ग्लेनडेलमधल्या सुपर बोलची. सिअ‍ॅटल २४, न्यू इंग्लंड २८. सव्वीस सेकंद उरलेले आणि रेषा फक्त एका यार्डावर. मार्शॉन लिंच नावाचा रेड्यासारखा मुसंडी मारणारा गडी सिअ‍ॅटलकडे. प्रशिक्षक पीट कॅरलने तरी फेक सांगितली. रसेल विल्सनने रिकार्डो लॉकेटकडे चेंडू सोडला आणि माल्कम बटलर नावाच्या नवख्या पोराने मध्ये झेप घेऊन तो पकडला. खेळ खलास. सारी अमेरिका कॅरलला वेड्यात काढू लागली.

आता हिशेब बघा. टाइम-आउट एकच शिल्लक. तिन्ही वेळा मुसंडी मारायची म्हटली तर घड्याळ पळतं. फेक हुकून जमिनीवर पडली तर घड्याळ थांबतं. मधे एक फेक घालण्याला अर्थ होता. त्या मोसमात एका यार्डावरून शंभरावर फेका झाल्या होत्या आणि तोवर एकही शत्रूच्या हातात गेली नव्हती. तोच चेंडू लॉकेटच्या हाती लागता, तर कॅरल महापंडित ठरला असता. कृत्य तेच, विचार तोच, फक्त पोराची झेप अर्ध्या पावलाने कमी!

फळ बघून निवाडा करण्याचा हा खेळ फार महागात पडतो, हे मी बँकेत पाहिलंय. आमच्या एका साहेबांनी जानेवारी २०२० मध्ये एका बाईंना पोळीभाजी केंद्रासाठी कर्ज दिलं. स्वतः जागा पाहिली, दुपारी उभं राहून समोरच्या कॉलेजची पोरं मोजली, दूधवाल्याकडे चौकशी केली. मार्चमध्ये टाळेबंदी. पोरं गावाला, पोळ्या कुणी खायच्या? कर्ज थकलं. दोन वर्षांनी इन्स्पेक्शन आलं. शेरा पडला, ‘धोका ओळखण्यात हयगय.’ साहेबांचं प्रमोशन गेलं. दुसऱ्या एका साहेबांनी त्याच महिन्यात, मेव्हण्याच्या शब्दावर, कागद न वाचता एका रसायनविक्रेत्याला कर्ज दिलं. त्याने सॅनिटायझर विकून मुदतीआधी फेडलं. त्या साहेबांना दूरदृष्टीबद्दल प्रशस्तिपत्रक मिळालं, तेही त्यांनी न वाचताच खणात टाकलं.

हे ऐकून भाचा म्हणाला, ‘‘मामा, मग जगात कुणाचीच चूक नाही! जो तो म्हणणार, मी विचार करूनच फेकलं.’’

मुद्दा बिनतोड होता, आणि उत्तर त्याच्याच फिल्ममध्ये होतं. विल्सनच्या खेळीत जर्मेन कर्सने पुढच्या रक्षकाला मागे रेटून बटलरची वाट अडवायची होती. तो रक्षक ब्राउनर कर्सच्या अगदी तोंडाशी उभा होता, आणि हे चेंडू हातात येण्याआधीच दिसत होतं. बटलरची झेपही नुसतं नशीब नव्हे. पोर एकेकाळी तळलेल्या कोंबडीच्या दुकानात कामाला होतं, निवडीच्या वेळी कुठल्याच संघाने त्याला घेतलं नव्हतं. याच खेळीवर सरावात फसला होता, म्हणून या वेळी त्याने ती ओळखली. म्हणजे ज्याला आपण दैव म्हणतो, त्यात दुसऱ्याचा अभ्यासही असतो. कॅरलनेही दोष पोरांवर न ढकलता स्वतःवर घेतला.

तेव्हा निवाडा करूच नये असं नाही. फिल्म थांबवावी कुठे, एवढाच प्रश्न आहे. चेंडू हातातून सुटतो त्या क्षणी थांबवायची. त्या माणसाच्या उंचीवरून काय दिसत होतं, काय दिसायला हवं होतं, हे लिहून काढायचं. मग पुढे चालवायची. शेवट माहीत झाला की संपलं. भाच्याला आता बटलर राष्ट्रगीतापासूनच दबा धरून बसलेला दिसतो! तसंच २०२२ साली बसलेल्या इन्स्पेक्टरला जानेवारी २०२० मध्ये टाळेबंदी ढळढळीत दिसते.

आमचे ते साहेब आता निवृत्त झालेत. परवा भाजीबाजारात भेटले, तेव्हा मी विचारलं, ‘‘साहेब, ते पोळीभाजीचं कर्ज पुन्हा द्याल का हो?’’

‘‘जानेवारीतल्या त्या दिवशी विचारलंत, तर आजही देईन,’’ ते म्हणाले. मग पिशवी या हातातून त्या हातात घेत थोडं थांबले. ‘‘पण मे महिन्यात कॉलेज बंद असतं, तेव्हा काय करणार, हे बाईंना विचारायला हवं होतं. ते राहिलंच. इन्स्पेक्शनच्याही लक्षात आलं नाही बघा.’’