दया कोणाची, हात कोणाचा?

झाडावर अडकलेले मांजर उतरवावे काय, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथात शोभणारा नाही, हे आम्ही जाणतो. पण गतवर्षी वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथे एका स्नेह्यांकडे मुक्काम असताना तो आमच्यापुढे उभा राहिला, आणि अद्याप आमची पाठ सोडत नाही. (१ जुलै १९९८ पूर्वी हा भाग अकोला जिल्ह्यात होता, जुन्या मंडळींच्या तोंडी अजून अकोलाच आहे.)

एप्रिल संपत आलेला. कुत्र्यांच्या भयाने परसातल्या जुन्या चिंचेवर चढलेले घरचे मांजर दुसऱ्या दिवशीही वरच होते, त्या उन्हात, पाण्यावाचून. शेजारी म्हणाले, "भूक लागली की येईल आपोआप." पुष्कळदा येतेही. परंतु मांजराची नखे मागे वळलेली असतात. चढताना ती सालीत रुततात, डोके खाली करून उतरू पाहिल्यास मात्र आधार सुटतो. शेपटीकडून मागे मागे सरकत उतरणे हाच मार्ग, आणि घाबरलेल्या जिवाला तो सुचेलच असे नाही. मांजर पडले तरी पायांवरच पडते, हाही अर्धाच दिलासा. न्यूयॉर्कमध्ये उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची पाहणी १९८७ साली प्रसिद्ध झाली. उपचारासाठी आणलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली. जी जागीच मेली, त्यांना दवाखान्यात कोण आणणार?

काठीने चिंचा झोडण्यासाठी शेंड्यापर्यंत चढणारी माणसे गावात असतात. त्यांपैकी एकाला बोलावण्यात आले. आग्रह आमचाच. चिंचेची फांदी चिवट असते. शेवगा असता तर तो चढलाच नसता. दोर नव्हता, कमरेला फक्त पोते. वर पोहोचल्यावर तो बराच वेळ स्वस्थ बसला, मांजराकडे न पाहता काहीबाही पुटपुटत. मग मानगूट धरून त्याने ते पोत्यात घातले; तेवढ्यात मांजराने त्याचा हात मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडला. खाली येऊन म्हणाला, "चिंच हातून सुटली तं खाली पडते, मांजर सुटलं तं तोंडावर येते जी." चहा आला, दोन केळी आली. "उपकार झाले," असे आम्ही म्हणालो. तो गेला.

रात्री झोप लागेना. चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद २४१८) दोन्ही बाजू सांगितल्या आहेत: प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाला शोभत नाही, आणि दुःखी माणसांसाठी आधी खर्चावा असा पैसा प्राण्यांवर वेचणेही शोभत नाही. त्यावरून मांजर मोठे की माणूस, असा वाद घातला जातो. आम्हांस अडले ते निराळ्याच ठिकाणी. शब्बाथाच्या दिवशी खड्ड्यात पडलेले मेंढरू ज्याचे तोच वर काढील, असे प्रभूने धरले आहे. शोमरोन्यानेही जखमी माणसाला सरायवाल्याच्या गळ्यात घातले नाही. दोन दीनार मोजले, अधिक लागेल ते परतताना देण्याचा शब्द दिला. आम्ही एका माणसाचा जीव फांदीवर टांगला आणि त्याला चहावर वाटेस लावले. नारळ पाडणाऱ्याशी आपण माडामागे मजुरी ठरवतो. तेच चढणे भूतदयेचे म्हटले की मजुरीचा उच्चारही असभ्य वाटू लागतो!

त्याने स्वखुशीने केले, असे कोणी म्हणेल. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात शॉन सिअर्स आणि टॉम ऑटो हे झाडांची निगा राखणारे दोघे अशी मांजरे उतरवतात. त्यांच्याजवळ दोर असतो, पट्टा असतो, आणि जायचे की नाही हे ते स्वतः ठरवतात. पक्क्या घरातून बोलावणे आलेल्या रोजंदारीच्या माणसाला 'नाही' म्हणण्याची मुभा कितीशी असते?

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो. हात सुजला होता. सरकारी दवाखान्यात सुई मोफत मिळते, पण ठरावीक दिवशी पुन्हा पुन्हा जावे लागते, आणि दर खेपेस रोज बुडतो. आम्ही चढण्याची आणि त्या सर्व दिवसांची मजुरी पुढे केली. त्याने ती मोजली आणि एका दिवसाचे पैसे परत केले.

"कालचं असंच केलं जी. माह्या पोरीलेही मांजर आवडते."

ते पैसे घेऊन आम्ही परतलो.