पाठिंबा युद्धाला, हिशेब नेत्यांकडून

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा जिल्ह्यात लेथपोऱ्याजवळ केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान मारले गेले. त्यांतले दोघे बुलढाणा जिल्ह्याचे होते, एक मलकापूरचा आणि दुसरा लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचा. त्यानंतर अडीच महिन्यांनी, ऐन महाराष्ट्र दिनी, गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ माओवाद्यांनी भूसुरुंग उडवला. त्यात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला, आणि त्यांतही बुलढाणा जिल्ह्याची माणसे होती. या दोन तारखांच्या मधे, १८ एप्रिलला, बुलढाणा मतदारसंघात लोकसभेचे मतदान झाले. मतदानाच्या नऊ दिवस आधी लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या सभेत पंतप्रधानांनी पहिल्यांदा मत देणाऱ्या तरुणांना आवाहन केले होते, की तुमचे पहिले मत बालाकोटचा हल्ला करणाऱ्या वीरांना आणि पुलवामाच्या शहिदांना समर्पित करा. सैन्याचा प्रचारात वापर करू नका, असे निवडणूक आयोगाने मार्चमध्येच पक्षांना बजावले होते. तरीही त्या भाषणात आयोगाला आचारसंहितेचा भंग दिसला नाही. एका आयुक्तांचे मत मात्र वेगळे पडले. आचारसंहितेचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवू. चोरपांग्र्याच्या किंवा याच जिल्ह्यातल्या देऊळघाटच्या एखाद्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मतदाराकडे त्या दिवशी काय मागितले गेले, ते नीट पाहायला हवे. गेलेल्या जवानाबद्दल त्याच्या मनात जे होते, ते सत्ताधारी पक्षाच्या खात्यात जमा करा, अशी ती मागणी होती.

युद्धाला पाठिंबा देणे आणि युद्ध चालवणाऱ्या नेत्यांवर विश्वास ठेवणे ही दोन वेगळी मते आहेत. एकच माणूस एकाच दिवशी पहिले ठामपणे बाळगून दुसरे नाकारू शकतो, आणि त्यात विसंगती काही नाही. आपल्याकडे या दोन मतांची गाठ मारली जाते. ती सैल करायचा प्रयत्न कोणी केला, तर त्याच्या निष्ठेवर बोट ठेवले जाते. जी गावे आपली मुले सैन्यात आणि पोलिसांत पाठवतात, त्यांचे या गाठीने सर्वांत जास्त नुकसान होते, कारण आपली मुले का गेली हे विचारण्याचा पहिला हक्क त्यांचा असतो आणि गाठ पक्की झाली की तो हक्कच उरत नाही.

ही दोन मते लोक वेगळी ठेवू शकतात, याचा सर्वांत मोठा पुरावा १९६२-६३ साली याच देशातल्या लोकांनी दिलेला आहे. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला आणि काही दिवसांतच तवांग हातचे गेले. राष्ट्रीय संरक्षण निधी उघडताच बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. युद्धाला पाठिंबा म्हणतात तो याहून जास्त कसा असणार? पण त्याच लोकांनी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पदावर राहू दिले नाही. संतापाची धार इतकी होती की नेहरूंना आपल्या जवळच्या सहकाऱ्याचा राजीनामा ७ नोव्हेंबरला घ्यावा लागला. त्यांच्या जागी मुंबईहून यशवंतराव चव्हाण गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे तेव्हापासून महाराष्ट्र अभिमानाने सांगत आला आहे, पण सह्याद्रीला जायची वेळ का आली, हा त्याच गोष्टीचा पहिला अर्धा भाग आपण सहसा सांगत नाही. १९६३च्या पोटनिवडणुकांत नाशिकने चव्हाणांना बिनविरोध लोकसभेवर पाठवले, आणि त्याच वर्षी अमरोहा, फर्रुखाबाद आणि राजकोट इथे काँग्रेस हरून आचार्य कृपलानी, राममनोहर लोहिया आणि मिनू मसानी निवडून आले. ऑगस्टमध्ये कृपलानींनी नेहरू सरकारवर स्वतंत्र भारताच्या लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव मांडला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला, पण पंतप्रधानांना चार दिवस समोर बसून ऐकावे लागले. दागिने देणारा आणि मत न देणारा हा एकच देश होता, आणि त्याला कोणी देशद्रोही ठरवले नाही.

परदेशातही हेच दिसते. चर्चिल यांनी ब्रिटनला युद्ध जिंकून दिले आणि जुलै १९४५मध्ये ब्रिटिश मतदाराने त्यांना घरी बसवले, कारण युद्धाचे नेतृत्व आणि युद्धानंतरचे सरकार हे प्रश्न त्याने वेगळे ठेवले. मराठी माणसाला इतके लांब जायचीही गरज नाही. १० जून १९१८ रोजी मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन यांच्या अध्यक्षतेखाली युद्धपरिषद भरली. टिळक तिथे साम्राज्याला मदत करण्याची तयारी सांगायला उभे राहिले आणि त्याच दमात स्वराज्याचा प्रश्न काढला. गव्हर्नरांनी त्यांना थांबवले आणि टिळक सभा सोडून निघून गेले. मदत हवी पण तिच्याबरोबर येणारा प्रश्न नको, ही सत्तेची इच्छा तेव्हा परक्या सरकारची होती. स्वतःच्या सरकारने ती बाळगावी, याला माझ्या मते कसलेही समर्थन नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की युद्ध चालू असताना प्रश्न विचारले तर सैन्याचे मनोधैर्य खचते आणि शत्रूला माहिती मिळते. आक्षेप हलका नाही. तुकडी कुठे आहे, दारूगोळा किती उरला, उद्या कुठे हल्ला होणार, हे कुणीही चारचौघांत विचारू नये. पण तयारी का नव्हती, धोक्याची सूचना आली होती का, आणि आली असेल तर ती कोणाच्या टेबलावर पडून राहिली, हे प्रश्न वेगळ्या जातीचे आहेत. त्यांची उत्तरे शत्रूला बहुधा आपल्या आधीच ठाऊक असतात. ८ नोव्हेंबर १९६२ रोजी, युद्ध सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, नेहरूंनी संसद बसवली. बंद दाराआड अधिवेशन घ्या अशी सूचना आली, ती त्यांनी नाकारली. १६५ सदस्य बोलले. चिनी फौजा आपल्या भूमीवर ठाण मांडून होत्या, दुसरा हल्ला तोंडावर होता, आणि सभागृहात सरकारच्या चुका नावानिशी मोजल्या जात होत्या. पराभव झाला तो तयारीच्या अभावाने आणि चुकीच्या आदेशांनी. त्या १६५ भाषणांनी एकही चौकी गेल्याचे आजवर कोणी दाखवून दिलेले नाही.

तो काळ निर्दोष होता असे मात्र कोणी समजू नये. त्या युद्धासाठी जाहीर झालेल्या आणीबाणीत कम्युनिस्ट कार्यकर्ते तुरुंगात गेले. चिनी वंशाच्या हजारो भारतीय रहिवाशांना, बायकामुलांसह, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबले गेले, आणि त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांचे चेहरे शत्रूसारखे होते. पराभवाच्या चौकशीचा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल १९६३मध्ये तयार झाला, चव्हाणांनी त्या सप्टेंबरात त्याचे सार लोकसभेला सांगितले, पण मूळ अहवाल सरकारने आजतागायत खुला केलेला नाही. साठ वर्षांपूर्वीच्या दारूगोळ्याची माहिती आज कोणत्या शत्रूच्या कामी येणार आहे? गुप्ततेचे कारण एकदा मान्य झाले की ते आपणहून कधी संपत नाही, हे त्या कपाटबंद अहवालावरून दिसते.

उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. कारगिलचे युद्ध २६ जुलै १९९९ला संपले आणि तीनच दिवसांनी के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. डिसेंबरात अहवाल तयार झाला, फेब्रुवारी २०००मध्ये तो काही भाग वगळून संसदेपुढे ठेवला गेला, आणि गुप्तचर यंत्रणांच्या उणिवा त्यात लिहिलेल्या होत्या. वाजपेयी सरकारची त्यात नाचक्की झाली असेल, पण सैन्याची झाली नाही.

पुलवामाच्या बाबतीत असे काही घडले नाही. राष्ट्रीय तपास यंत्रणेने ऑगस्ट २०२०मध्ये १९ जणांवर आरोपपत्र दाखल केले. हल्ला कोणी केला, कट कोणी रचला, हे त्यात आहे. पण ७८ गाड्यांचा आणि अडीच हजारांवर जवानांचा ताफा एकाच दिवशी त्या महामार्गावरून का काढला, स्फोटकांची गाडी ताफ्यापर्यंत कशी पोहोचली, याचा संसदेपुढे मांडलेला स्वतंत्र अहवाल नाही. जम्मू-काश्मीरचे तेव्हाचे राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी २०२३मध्ये जाहीरपणे सांगितले, की दलाने विमाने मागितली होती आणि ती नाकारली गेली. त्यावर गृहमंत्र्यांनी उलट विचारले, पदावर असताना हे का बोलला नाहीत? तो प्रश्न रास्त असेलही, पण त्याने मूळ प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. मलिक खोटे बोलत असतील तर कागद दाखवून ते एका दिवसात खोटे पाडता आले असते. चोरपांग्र्यात तिरंग्यात लपेटलेली शवपेटी आली तेव्हा पालकमंत्र्यांपासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत सगळी शासनयंत्रणा दारात उभी होती. दहा-पंधरा पानांचा एक अहवाल मात्र त्या दारापर्यंत आला नाही.

२०२५मध्ये परिस्थिती आणखी अवघड झाली. २२ एप्रिलला पहलगाममध्ये २६ जण मारले गेले, त्यांत सहा महाराष्ट्राचे. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर सुरू झाले आणि १० मेला गोळीबार थांबला. ही बातमी भारतीयांना अमेरिकेच्या अध्यक्षांकडून आधी कळली आणि स्वतःच्या सरकारकडून नंतर. विशेष अधिवेशनाची मागणी मान्य झाली नाही, आणि संसदेत चर्चा झाली ती जुलैच्या शेवटी. आपली विमाने पडली का, याचे पहिले अधिकृत उत्तर संरक्षणदल प्रमुखांनी ३१ मेला सिंगापुरात एका परदेशी वृत्तसंस्थेला दिले. दरम्यान ८ मेच्या रात्री आपल्या काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त केले आणि इस्लामाबादही घेतले. सरकारने नीट माहिती द्यायची नाही आणि वाहिन्यांनी खोटी द्यायची, या दोहोंच्या मधे गावातल्या माणसाने मत बनवायचे असते, आणि त्या मतालाच मग राष्ट्राचा आवाज म्हणून मिरवले जाते. सरकार म्हणते, ऑपरेशन केवळ स्थगित आहे, संपलेले नाही. लष्करी दृष्टीने त्याला अर्थ असेल. पण 'आत्ता प्रश्न विचारायची वेळ नाही' हा आक्षेप युद्ध कधीतरी संपते या गृहीतावर उभा आहे. युद्ध संपल्याचे कधी जाहीरच होणार नसेल, तर ती वेळ येणार केव्हा?

देऊळघाटसारख्या हिंदू-मुस्लिम मिश्र वस्तीच्या गावात या गाठीची आणखी एक किंमत असते. १९६२मध्ये चेहऱ्यावरून झाले ते आता नावावरून होते. तोच प्रश्न एका आडनावाच्या माणसाने विचारला तर तो विरोधी पक्षाचा ठरतो आणि दुसऱ्या आडनावाच्या माणसाने विचारला तर शत्रूचा. मे २०२५मध्ये पुण्यात अभियांत्रिकीला शिकणाऱ्या एका एकोणीस वर्षांच्या मुलीने सिंदूर मोहिमेवर टीका करणारी, दुसऱ्या कुणाची पोस्ट समाजमाध्यमावर पुढे पाठवली. दोन तासांत ती काढून टाकली आणि माफीही मागितली. तरी महाविद्यालयाने तिला काढले, पोलिसांनी अटक केली, आणि परीक्षेच्या दिवसांत ती येरवड्याच्या तुरुंगात होती. २७ मेला मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला आणि महाविद्यालयाला खडे बोल सुनावून तिची सुटका केली. तिचे मत मला पटते की नाही, हा इथे मुद्दा नाही. एका मुलीचे हे होते, ते पाहून गावोगावची किती माणसे गप्प बसली असतील, याची मोजदाद कोणत्याच पाहणीत होत नाही. आणि ही गप्प माणसे शेवटी 'पाठिंबा' या रकान्यात मोजली जातात.

दुसरा आक्षेप अधिक विचारी लोक घेतात. राज्यकर्त्यांकडे जी माहिती असते ती आपल्याकडे नसते, म्हणून त्यांच्यावर विश्वास टाकणेच शहाणपणाचे, असे ते म्हणतात. माहिती नसते हे खरे. म्हणूनच विश्वास आधी द्यावा लागतो, हेही मला मान्य आहे. पण तो पीककर्जासारखा द्यावा, हंगामापुरता, आणि हंगाम सरल्यावर हिशेब मागून. २००३मध्ये इराककडे महासंहारक अस्त्रे असल्याची खात्री जॉर्ज बुश आणि टोनी ब्लेअर यांनी आपापल्या जनतेला दिली होती. अस्त्रे सापडली नाहीत, आणि ब्रिटनमध्ये चिलकॉट समितीचा अहवाल यायला २०१६ साल उजाडले. तोवर १७९ ब्रिटिश सैनिक आणि कितीतरी अधिक इराकी माणसे गेली होती. जास्त माहिती असणाऱ्याने ती प्रामाणिकपणे वापरली की नाही, हे कमी माहिती असणाऱ्याला फक्त मागाहून तपासता येते. मागाहूनही तपासू द्यायचे नसेल, तर त्याच्याकडून विश्वास मागितला जात नाही, शरणागती मागितली जाते.

एकीने शत्रूवर वचक बसतो, हेही खरे आहे. सिंदूरनंतर सर्वपक्षीय शिष्टमंडळे परदेशी गेली तेव्हा त्यांतल्या एकाचे नेतृत्व श्रीकांत शिंदे यांच्याकडे होते आणि एकाचे सुप्रिया सुळे यांच्याकडे. सुळे देशाची बाजू मांडून परत आल्या आणि विरोधी बाकावर बसल्या. बाहेर एक बाजू आणि घरात जाब, हे एकाच व्यक्तीला जमते, तर एका गावाला न जमायला काय झाले?

आणि गावाकडे त्याचे साधनही आहे. आपल्या ग्रामसभा १५ ऑगस्टला भरतात, २६ जानेवारीला भरतात, शहिदांना श्रद्धांजलीचे ठराव होतात, टाळ्या होतात, इतिवृत्तावर सह्या होतात. त्या ठरावात आणखी एक वाक्य घालायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही : पुलवामा आणि पहलगाम इथे सुरक्षेत काय चुकले, याची कारगिलसारखी समिती नेमून चौकशी करावी, तिचा अहवाल गोपनीय भाग वगळून संसदेपुढे ठेवावा, आणि आमच्या खासदारांनी ही मागणी लोकसभेत मांडावी. ठरावाची प्रत तहसीलमार्फत जाईल, कदाचित वर्षभर उत्तर येणार नाही. पुढच्या ग्रामसभेत मग मागील इतिवृत्त वाचताना तो विषय पुन्हा निघेल, आणि उत्तर आले नाही हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याला नोंदवहीत लिहावे लागेल.