घरी पाठवलेली मुलं

सहा वर्षांच्या मुलाने घरी आलेल्या पाहुण्याला कडकडून मिठी मारली, तर सगळे कौतुक करतात. मूल बौद्धिक अक्षम असेल तर जरा जास्तच. 'किती प्रेमळ आहे हो' म्हणत त्याला ते पुन्हा पुन्हा करायला लावतात. तोच मुलगा चौदाचा झाला, मिसरूड फुटली, अंगाने आडवातिडवा वाढला आणि बसथांब्यावर त्याने अनोळखी बाईला तशीच मिठी मारली, की लोक हात उगारतात. त्याने नवीन काहीच केलेलं नसतं. आपण शिकवलेलं तो इमानाने करत असतो, फक्त आता ते आपल्याला चालेनासं झालेलं असतं.

वयात आलेल्या या मुलांच्या 'समस्यात्मक वर्तना'बद्दल बोलताना आपण मुलापासून सुरुवात करतो, तिथेच चुकतं. चावणं, डोकं आपटणं, वस्तू फेकणं, चारचौघांत कपडे काढणं अशी यादी पालकांकडे तयार असते. सिकंदराबादच्या, बौद्धिक अक्षम व्यक्तींसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत रीटा पेशावरिया आणि एस. वेंकटेशन यांनी १९९२ साली भारतीय मुलांसाठी जी वर्तनश्रेणी तयार केली, तिच्या दुसऱ्या भागात अशी ७५ वर्तनं नोंदलेली आहेत. यादी हवीच, पण तिच्यातून काय घडतं एवढंच कळतं. का घडतं ते कळायला आधी काय झालं आणि नंतर मुलाच्या पदरात काय पडलं, हे कुणीतरी शांतपणे बसून बघावं लागतं. 'व्यावसायिक मदत' म्हणतात ती इथून सुरू होते.

एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी अमेरिकेत १९८५ साली प्रसिद्ध केलेला एक छोटा प्रयोग मला अजूनही महत्त्वाचा वाटतो. मुलं चारच होती. काही जण काम अवघड झालं की बिथरत, काही जण मोठ्यांचं लक्ष कमी झालं की. 'मला समजत नाही' असं म्हणून मदत मागायला किंवा 'मी नीट करतोय ना?' असं विचारून लक्ष वेधायला ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे शिकवलं, तेव्हा त्रास झपाट्याने घटला. गरजेशी संबंध नसलेलं वाक्य शिकवलं, तेव्हा घटला नाही. शिस्त किंवा माया कमी पडते, हे आपलं लाडकं निदान इथे लागूच पडत नाही. ज्याला बोलता येत नाही, त्याला हाताची खूण किंवा चित्राचं कार्ड देता येतं. मात्र नेमकी कोणती खूण द्यायची, हे अंदाजाने ठरत नाही.

आता आपल्या विशेष शाळांमधली नेहमीची गोष्ट बघा. मुलगा वर्गात मारतो. शाळा निरोप धाडते, 'काही दिवस घरी ठेवा.' अवघड कामातून सुटका हवी म्हणूनच तो मारत असेल, तर आपण त्याला हवं ते देऊन टाकलं! परत आल्यावर तो आणखी लवकर मारेल, आणि आपण म्हणू, याचं वर्तन बिघडत चाललंय. ज्याला मदतीची गरज सर्वांत जास्त, त्याचंच नाव आधी पटावरून उतरतं.

घरीही तसंच. शाळेतल्या बाईंनी सांगितलं, ओरडला तर लक्ष देऊ नका. आईने मन घट्ट केलं. आजीने मात्र चौथ्या किंकाळीला बिस्कीट हातावर ठेवलं. मुलगा शिकला की चार वेळा ओरडावं लागतं. शिवाय असं लक्ष काढून घेतलं की वर्तन कमी होण्याआधी काही वेळा वाढतं, हे आईला कुणी सांगितलेलंच नसतं. नेमक्या त्या वाढीच्या दिवसांत तिचा धीर सुटतो. दंडावर चाव्याचे वण घेऊन वावरणाऱ्या आईला 'तुम्हीच लाडावलंत' म्हणणारे सल्लागार मला क्रूर वाटतात.

याच्याही आधी दाढ, कान, पोट, पाळीचं दुखणं बघायला हवं. दुखतंय हे सांगता न येणारा मुलगा डोकं आपटून घेऊ शकतो, आणि आपण त्याला 'असाच आहे' म्हणून सोडून देतो.

मग गोळी येते. अपस्मार, नैराश्य किंवा दुसरा मनोविकार असेल तर ती हवीच. पण आक्रमकपणा दाबायला सर्रास दिल्या जाणाऱ्या औषधांचं काय? पीटर टायरर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ८६ बौद्धिक अक्षम प्रौढांना रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल किंवा निव्वळ बनावट गोळी दिली होती. आक्रमकपणा तिन्ही गटांत कमी झाला, सर्वांत जास्त बनावट गोळीच्या गटात. चाचणी प्रौढांवरची होती, पण वाढत्या वयातल्या मुलांना वर्षानुवर्षं तीच चिठ्ठी पुढे चालू ठेवणाऱ्यांनी ती वाचायला हरकत नाही.

मुलींच्या बाबतीत आपण याहून पुढे गेलो होतो. १९९४ साली शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या बौद्धिक अक्षम मुलींची आणि स्त्रियांची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण पुढे केलं होतं. स्त्री संघटनांनी आवाज उठवल्यावर ते थांबलं. पॅड बदलणं छोट्या छोट्या टप्प्यांत, रोज त्याच क्रमाने अनेक मुलींना शिकवता येतं. वेळ लागतो, आणि शिकवणारं माणूस लागतं. हस्तमैथुनाबद्दलही तेच: ते खोलीचं दार लावून करायचं, हे मुलाला सांगता येतं, आधी सांगणाऱ्याने लाज सोडायला हवी.

२०१६च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने सहा ते अठरा वयाच्या लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. पण वर्तन बिघडतं संध्याकाळी, स्वयंपाकाच्या वेळी, दोन खोल्यांच्या घरात. तिथे ना विशेष शिक्षक असतो, ना मानसशास्त्रज्ञ. दवाखान्यातल्या अर्ध्या तासात ते दिसतही नाही. म्हणून विशेष शाळा चालवणाऱ्या विश्वस्तांना आणि त्यांना देणग्या देणाऱ्या वाचकांना सांगणं एवढंच: पुढची देणगी नव्या मजल्याला देण्याआधी, मुलांच्या घरी संध्याकाळी जाऊन बसेल अशा एका प्रशिक्षित माणसाचा पूर्ण पगार त्यातून द्या. आणि मुलाला घरी पाठवण्याचा निरोप लिहिण्याआधी त्या माणसाला तिथे पाठवा.