झीज आणि वाक

जुन्या ट्रॅक्टरसाठी नवे बॉनेट आणले तर ते बसत नाही, ही गोष्ट तीर्थपुरीच्या गॅरेजात कोणालाही नवलाची वाटत नाही. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील हे बाजाराचे गाव. दक्षिणेला गोदावरी, भोवती काळे रान, आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी या मुलखात फिरल्यानंतर वाढलेला ऊस व उसाच्या सोबतीने आलेली साखर कारखानदारी, यांमुळे येथील ट्रॅक्टरच्या वाट्याला नांगरटीइतकेच ओढकाम येते. ज्यांच्या दारात मुंबईत 1963 साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीचा बी-275, किंवा पिंजोरच्या एच.एम.टी. कारखान्यात 1971 पासून तयार होऊ लागलेला झेटर बनावटीचा 2511 वडिलोपार्जित जमीनजुमल्यासारखा जपून ठेवलेला आहे, त्यांना इंजिनाच्या सुट्या भागांची तजवीज एक वेळ करता येते. परंतु पत्र्याचे काम निघाले की एका बाजूला बोट जाईल एवढी फट, दुसऱ्या बाजूला पत्र्यावर चढलेला पत्रा, आणि मागच्या बोल्टांची चुकलेली भोके, असा प्रसंग हटकून उभा राहतो. अशा वेळी मालक दुकानदाराला दोष देतो, दुकानदार मिस्त्रीला, आणि मिस्त्री हातोडा उचलतो.

या हातोड्याविषयी मला बोलावयाचे आहे. ट्रॅक्टरला मोटारीसारखी स्वतंत्र चासी बहुधा नसते. इंजिन, गिअरपेटी आणि मागच्या आसाचे ओतीव घर ही एकमेकांना बोल्टांनी जखडून त्यांचाच कणा केलेला असतो, आणि बॉनेट, जाळी, मडगार्ड, डॅशबोर्ड ही सारी पत्र्याची मंडळी त्या कण्यावर लहानमोठ्या ब्रॅकेटांच्या आधाराने बसलेली असतात. त्यामुळे पुढचा सपोर्ट कधीकाळी बांधाला धडकून सूतभर वाकला असेल, तर ते सूत बॉनेटच्या मागच्या टोकाला पोहोचेपर्यंत बोटभर होते. दिसते ती पत्र्याची चूक. असते ती बहुशः आधाराची. पण आधार काळ्या वंगणाखाली दडलेला आणि पत्रा उन्हात लखलखणारा, म्हणून शासन पत्र्याला होते, हा न्याय आपल्याकडे केवळ गॅरेजातच चालतो असे मला वाटत नाही.

जीर्ण वस्तूशी कसे वागावे हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्राला फार पूर्वी पडला आहे. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा विधी सांगितलेला आहे. त्याचा आशय असा की जीर्ण झालेली काष्ठमूर्ती अग्नीला द्यावी, पाषाणाची जलात सोडावी, आणि तिच्या जागी त्याच प्रमाणाची, त्याच द्रव्याची नवी स्थापावी. पुरीच्या जगन्नाथाचे नवकलेवर याच जातीच्या विचारातून होते. 2015 साली ते झाले. जीर्णोद्धाराच्या या विधानात एक गृहीत आहे: वस्तूचे खरे माप तिच्या मूळ आराखड्यात असते आणि काळाने तिच्यात केलेला फरक हा निव्वळ ऱ्हास होय. नैयायिकांनी पदाचा अर्थ सांगताना व्यक्ती, आकृती आणि जाती या तिहींचा उल्लेख केला आहे. साच्यातून निघालेले नवे बॉनेट आकृतीला आणि जातीला बरोबर उतरते, आणि दाराशी उभ्या असलेल्या त्या एका व्यक्तीला मात्र उतरत नाही, कारण त्या व्यक्तीचे माप कारखान्याच्या नकाशात कोठेही नोंदलेले नसते. ते तिच्या अर्ध्या शतकाच्या कामात घडलेले असते.

मग काळाने केले ते सारेच शिरोधार्य मानावे काय? येथेच चांगला मिस्त्री आणि सामान्य मिस्त्री यांच्यातील अंतर दिसून येते. चांगला मिस्त्री प्रथम पत्र्याला हात लावीत नाही. तो चाकांतील हवा सारखी करतो, सपाट जागी ट्रॅक्टर उभा करून पुढून मागे मधोमध दोरी धरतो, तिरकी अंतरे दोन्हीकडून मापतो, आणि वंगण पुसून आधार न्याहाळतो. त्याला दोन प्रकारच्या खुणा दिसतात. पहिली झीज: बोल्टाच्या भोकाची कड सतत हादरून लांबट झालेली, ज्या जागी पत्रा टेकतो ती गुळगुळीत होऊन चकाकत असलेली, आणि हे सारे कामाच्या दिशेने, हळूहळू, झालेले. दुसरा वाक: तो एकाच जागी असतो, तेथे रंगाला भेग असते, लोखंडावर सुरकुती असते, आणि त्याची दिशा कामाच्या दिशेशी जुळत नाही, कारण तो कामातून आलेला नसून आघातातून आलेला असतो. झिजेला तो सांभाळून घेतो. कोठे रबराचे पॅकिंग, कोठे जाडसर वायसर, कोठे नव्या पत्र्याचे भोक कानशीने थोडे लांबवून. वाकाला मात्र तो सवलत देत नाही. तो आधी आधार सरळ करतो, मगच बॉनेट चढवितो. पुढच्या आसाच्या बुशसारख्या झिजलेल्या भागाने चाके डगमगू लागली तर तो भागही तो बदलतो, कारण ती झीज आता कामाच्याच आड येत असते. परंतु हा बदल कामाच्या रक्षणासाठी असतो, नवेपणाच्या हौसेसाठी नसतो.

पंढरपूरच्या मूर्तीची गोष्ट या दृष्टीने विचारार्ह आहे. वारकऱ्यांच्या पदस्पर्शदर्शनाने विठ्ठलाचे पाय झिजत आले. शास्त्राचे अक्षर काटेकोर धरले असते तर जीर्णतेचा प्रश्न उपस्थित करता आला असता. पण ही मूर्ती जलात सोडून तिच्याच मापाची दुसरी आणावी असा विचार महाराष्ट्राच्या भाविक मनाला शिवणेही अशक्य होते. त्याऐवजी वज्रलेपाचा मार्ग पत्करला गेला. अगदी अलीकडे, 2020 साली, महामारीमुळे मंदिर बंद असताना तो पुन्हा दिला गेला. ज्या झिजेत असंख्य हातांचा स्पर्श साठलेला आहे ती दोषात जमा करावयाची नसते, हे येथे कोणालाही सांगावे लागले नाही. लेपाची मर्यादा मात्र विसरू नये. पत्र्यावर भरलेली लांबी पातळ असेल तरच टिकते. वाक लपविण्यासाठी तिचा जाड थर दिला, तर डिझेल इंजिनाच्या हादऱ्याने ती पहिल्याच हंगामात तडकते.

आणि त्याच मंदिराच्या महाद्वारापाशी संत चोखोबांची समाधी आहे. परंपरा त्यांचे जन्मस्थान जालना जिल्ह्याच्या सीमेजवळचे, देऊळगाव राजा भागातील मेहुणाराजा मानते; या मुलखातून गेलेला हा भक्त अस्पृश्य गणला गेल्याने चौदाव्या शतकात पायरीच्या बाहेर राहिला, आणि त्याच्या मागून आलेल्या पिढ्याही बाहेरच राहिल्या. सहा शतके चाललेल्या या निर्बंधाला रूढी म्हणत, परंपरा म्हणत, आणि 1947 च्या मे महिन्यात हा निर्बंध उठावा म्हणून साने गुरुजी पंढरपुरात उपोषणास बसले तेव्हाही परंपरेचीच कैफियत पुढे करण्यात आली. जी गोष्ट पुरेशी जुनी आहे ती झिजून तशी झाली असावी, हा आपला नेहमीचा गैरसमज आहे. वाकसुद्धा जुना असू शकतो. विठ्ठलाच्या पायांची झीज लोकांच्या जवळ येण्याने झाली. महाद्वाराची आडकाठी लोकांना जवळ येऊ न दिल्याने उभी राहिली. दोन्ही एकाच देवळातल्या, दोन्ही शतकानुशतकांच्या, आणि तरीही एक जपण्याजोगी व दुसरी काढण्याजोगी. वयाच्या दाखल्यावर त्यांचा निवाडा करता येत नाही. स्पर्शाच्या दिशेवर करता येतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. वाक फार काळ राहिला की भोवतालचे सारे त्याच्याशी जुळवून घेते. डिझेलची नळी नव्या वाटेने वळविलेली असते, वायरी लांबविलेल्या असतात, मडगार्डाचे ब्रॅकेट कोणीतरी तिरपे जोडलेले असते. आता आधार सरळ केला तर हे सारे ओढले जाईल, एखादी नळी तुटेल, आणि दुरुस्ती करणाऱ्यावर मोडतोडीचा आळ येईल. आक्षेप खरा आहे. सुधारकांना तो पदोपदी ऐकावा लागतो, आणि त्यांतील काहींनी तो ऐकला नाही म्हणून पुष्कळ अनर्थही झाले. परंतु त्याचे उत्तर वाक राखून ठेवणे हे नव्हे. जाणता मिस्त्री आधी सगळे बोल्ट सैल करतो, एकही काढीत नाही, एकही आवळीत नाही. मग आधार सरळ करतो, नळ्या-वायरी पूर्ववत करतो, पत्रा हलक्या हाताने जागेवर आणतो, आणि शेवटी समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळतो. पहिलाच बोल्ट पुरता आवळून बाकीची भोके पहारीने ओढून जुळविणाऱ्याचे बॉनेट त्या दिवशी बसलेले दिसते खरे, पण ताणाखाली ठेवलेला पत्रा काही महिन्यांत भोकापाशी चिरतो.

तीर्थपुरीच्या परिसरात ज्यांनी जुने ट्रॅक्टर राखले आहेत, त्यांना माझी एवढीच विनंती आहे की दसऱ्याच्या पूजेसाठी रंगाचा डबा आणण्याआधी पुढचा सपोर्ट एकदा वंगण पुसून पाहावा, आणि नवा पत्रा मापाचा नाही म्हणून दुकानदाराकडे परत नेण्यापूर्वी आपल्या ट्रॅक्टरवर दोरी धरावी.