भोंगा नसलेलं दुःख

'गाभ्रीचा पाऊस'मधली अलका नवऱ्याला एकटं सोडत नाही. शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केलेली असते आणि किसना हल्ली गप्प गप्प असतो, एवढं तिला पुरतं. मग ती पोराला बापाच्या मागोमाग शेतात पाठवते, सासूला नजर ठेवायला सांगते, ऐपत नसताना गोडधोड रांधते. सतीश मनवर यांच्या २००९च्या या चित्रपटात आपण हसतो आणि हसलो म्हणून लगेच वरमतो. (गाभ्रीचा ही वऱ्हाडी शिवी. पावसाला शिवी द्यायची तर त्याच्याशी तेवढी घसट असावी लागते.) इथे शोक मरणानंतर सुरू होत नाही. माणूस जिवंत असतानाच तो घरात येऊन बसलेला असतो.

पुढच्याच वर्षी महेश मांजरेकरांचा 'लालबाग परळ' आला, जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावरून केलेला. तेही एका घराचंच ढासळणं. पण धुरी कुटुंबाच्या दुःखाला तारीख आहे: १८ जानेवारी १९८२. त्या दिवशी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार एकदम रस्त्यावर आले. नेता होता, मालक होता, शिव्या घालायला गिरणीचं फाटक होतं. घरातली पडझड आणि शहरातला उद्रेक कॅमेऱ्याला एकाच चौकटीत धरता येतो.

शेतकरी आत्महत्यांच्या यवतमाळ जिल्ह्यात तशी चौकट सापडत नाही. इथल्या कोरडवाहू शेतात नुकसान ज्याच्या त्याच्या धुऱ्याच्या आत होतं. एकाचं बियाणं मोड येऊन करपतं, पलीकडच्याला सर गाठून जाते. कर्जही वेगवेगळी: कुणाचं बँकेचं, कुणाचं सावकाराचं, कुणाची कृषी केंद्रावरची उधारी. सगळ्यांसाठी एकदम बंद पडावा असा गिरणीसारखा भोंगा इथे कधी नव्हताच.

जिल्हा कधी पेटलाच नाही, असं मात्र नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं कापसाच्या भावासाठी विदर्भात रस्ते भरले होते. पण ती लढाई भावाची होती. गेलेल्या माणसाची नव्हे. त्याच काळात, १९ मार्च १९८६ रोजी, महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. २०१७ पासून त्या दिवशी अनेक जण अन्नत्याग करतात. त्या मरणाच्या आठवणीला साजेसं वाटलेलं आंदोलनही उपाशी राहण्याचंच.

उरलंसुरलं एकत्र येणं शासकीय निर्णयांनी मोडलं, असं माझं मत आहे. आत्महत्येनंतर १ लाखाची मदत ठरली, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. पण आधी समिती पाहणार: सातबारा कुणाच्या नावे, कर्ज कुणाचं, थकलं होतं का. जमीन सासऱ्याच्या नावावर असेल तर राबून मेलेला नवरा शेतकरी होता हे ठरवण्यापासूनच अडचण. प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र'. दोन शेजारणींच्या कपाळी एकच दुःख, पण कागदावर एक पात्र आणि दुसरी अपात्र. त्या मिळून मोर्चा कशाचा काढणार? मदत करू नये असं मी म्हणत नाही. मदतीनं घरं वेगळी केली, एवढंच.

म्हणून या जिल्ह्याच्या शोकनाट्याला जमाव शोधत बसू नये. त्याची जागा चुलीजवळ आहे, आणि तहसीलच्या बाकावर. मनवरांनी पहिली जागा ओळखली. दुसरी ओळखली रंगभूमीनं. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या, हरीश इथापे यांनी बसवलेल्या 'तेरवं' नाटकात शेतकऱ्यांच्या विधवा स्वतःच उभ्या राहिल्या. तेरवं म्हणजे तेराव्याचा विधी. पाहुणे जेवून परततात आणि बाईचा चौदावा दिवस सुरू होतो. सिनेमावाले बहुधा पाहुण्यांबरोबरच निघून गेलेले असतात.

आणि यवतमाळ शहरात गदारोळ माजलाच, तो जानेवारी २०१९ मध्ये, ९२व्या साहित्य संमेलनावरून. उद्घाटक नयनतारा सहगल यांचं निमंत्रण रद्द झालं, राज्यभर निषेध झाला, लेखकांनी बहिष्कार घातला. अखेर उद्घाटन केलं ते 'तेरवं'त काम करणाऱ्या, याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी. त्या बोलल्या आणि सभामंडपानं कान देऊन ऐकलं. मात्र पहिलं निमंत्रण त्यांना गेलं नव्हतं.