१२० ग्रॅमची पुडी

माझी नात यंदा इथेच, हिंगणघाटला, बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. मी एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, म्हणून तिचं वेळापत्रक हौसेने हातात घेतलं. आमच्या काळी पहिल्या वर्षाचे विषय, भाषा सोडल्या तर, सगळे विज्ञानाचेच असत आणि वाणिज्याचे वर्ग म्हणजे परका मुलूख. २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने ती भिंत पाडली. नागपूर विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून मेजर, मायनर, भारतीय ज्ञानप्रणाली, मूल्यशिक्षण असा नवा आराखडा आला आणि त्यात दुसऱ्याच शाखेतून घ्यायचं ओपन इलेक्टिव्हही. नातीने ते वाणिज्यातून घेतलं.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "आबाजी, सकाळी जीव शिकवतात अन् दुपारी त्याचा भाव. दोन्ही एका डोक्यात कसं ठेवू जी?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. कोनाड्यातून रुईचा एक पुंजका काढला आणि बाजारात व्यापारी करतो तसा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढून दाखवला. चार-पाचदा ओढत गेलं की तंतू सरळ होतात, लांबी कळते. हा एकेक तंतू म्हणजे एकच पेशी. सरकीच्या सालीवरची एक पेशी वाढत वाढत अडीच-तीन सेंटिमीटर होते आणि मग वाळून पिळवटते. आमच्या गावच्या मार्केट यार्डात गाडी रिकामी होताना जो भाव पुकारला जातो, त्यात या पेशीच्या लांबीचाही हिशेब असतो. एकोणिसाव्या शतकात 'हिंगणघाट' हे कापसाच्या एका प्रतीचंच नाव झालं होतं, ते या तंतूच्या जोरावर. म्हणजे जीव आणि भाव या गावात कधी वेगळे नव्हतेच. वेगळे होते ते आमचे वर्ग.

त्या वेगळेपणाची किंमत मी स्वतः मोजली आहे.

२००२ साली बोंडअळीला मारणाऱ्या बीटी कापसाला परवानगी मिळाली. पुढे काही वर्षांनी मीही वणा नदीच्या पलीकडच्या आमच्या पाच एकरांत ते बियाणं लावलं. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची नॉन-बीटीची छोटी पुडी यायची. ती शेताच्या कडेने लावायची होती. ती झाडं बोंडअळीनं खावीत, हाच तिचा उद्देश. तिथे वाढलेले साधे पतंग बीटीतून तगलेल्या पतंगांशी जुळतात, त्यांची पुढची पिढी बीटीला बळी पडते आणि अळीला प्रतिकारशक्ती येणं लांबतं. मी हे वर्गात शिकवू शकलो असतो. पण पेरणीच्या दिवशी मी हिशेब केला, की कडेच्या ओळींना खत-पाणी मी द्यायचं आणि पीक अळीने खायचं. पुडी गोठ्याच्या माळ्यावर टाकली. शेजारच्या धुऱ्यावरही तेच झालं. २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळी आली तेव्हा माझ्याही पऱ्हाटीला डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे नीट न उमलणारी फुलं, लागल्या. वरून हिरवंगार बोंड मी नखाने फोडलं, तर आत सरकी पोखरून बसलेली गुलाबी अळी. त्या साली घरी किडका कवडी कापूसच जास्त आला.

मला छळतो तो प्रश्न पिकाचा नाही, धर्माचा आहे. माझी आई जेवणाआधी गायीचा, कावळ्याचा घास काढायची, मुंग्यांना पीठ टाकायची. पंचमहायज्ञांतला भूतयज्ञ तो हाच. जो केवळ स्वतःसाठी रांधून खातो तो पापच खातो, असं गीतेचा तिसरा अध्याय म्हणतो. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली. आपल्या वापराने सृष्टीची जी झीज होते ती भरून काढणं, असा यज्ञाचा अर्थ त्यांनी तिथे लावला. या अर्थाने ती पुडी म्हणजे भूतयज्ञच होता, शत्रूलासुद्धा त्याचा वाटा देणारा. आईने अर्थ न विचारता जे केलं, ते मी सगळा अर्थ ठाऊक असून केलं नाही.

कुणी म्हणेल, स्वतःच्या फायद्यासाठी दिलेला वाटा यज्ञ कसला? मला हा आक्षेप पटत नाही. आईलाही घरात बरकत हवीच होती. देताना समोरचा जीव डोळ्यांसमोर असला की पुरे, हेतू चोवीस कॅरेटचा असण्याची अट मी घालणार नाही. अडचण वेगळीच आहे. आता पाकिटात नॉन-बीटी सरकी मिसळूनच येते. अळीला वाटा मिळतो, पण देणारा कुणीच उरत नाही. पिकाच्या दृष्टीने ही व्यवस्था चांगली आहे, तरी तिला मी दान म्हणणार नाही.

मात्र फरदडीचा, म्हणजे हंगाम सरल्यावरही पऱ्हाटी राखण्याचा, निर्णय कोणत्याही पाकिटात मिसळता येत नाही. डिसेंबर सरला की पऱ्हाटी उपटायची, म्हणजे अळीला पुढच्या हंगामापर्यंत अन्न उरत नाही. पाणी देऊन ठेवली, तर आणखी एक वेचणी मिळते आणि अळीचं चक्रही चालू राहतं. हिशेबाची वही म्हणते ठेव, जीवशास्त्र म्हणतं काढ. मुलीच्या शिक्षणाला पैसे हवेत म्हणून फरदड ठेवणाऱ्याला मी लोभी म्हणणार नाही. पण पुरे कुठे म्हणायचं, हे नातीच्या सकाळच्या आणि दुपारच्या त्या दोन तासांच्या मधल्या वेळेत कुणीतरी शिकवलं पाहिजे. मूल्यशिक्षणाचा तास वेगळा काढून ते भागणार नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तंतू दाखवला त्याच दिवशी मुलांना मार्केट यार्डात न्या, एवढं दोन्ही शाखांच्या शिक्षकांना माझं सांगणं आहे.

यंदा आम्ही डिसेंबरअखेर शेत मोकळं केलं. सोडलेल्या वेचणीची अंदाजे रक्कम नातीने वहीत लिहिली आणि तोटा या खात्यात ती टाकायला तिचा हात होईना. तिथली जागा तिने कोरी ठेवली आहे. त्या रकमेला कोणतं खातं द्यायचं, हे वाणिज्याच्या सरांनी तिच्या वर्गाला एकदा जरूर विचारावं.