सोनोग्राफीचे काम ख्रिस्ती तरुणांनी पत्करावे काय?

हल्ली खेडेगावांतील आमच्या मंडळ्यांत बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींचे आईबाप पाळकांस व उपदेशकांस एक प्रश्न विचारू लागले आहेत. आपल्या मुलाने वा मुलीने क्ष-किरण व सोनोग्राफी ह्यांच्या तंत्रज्ञाचे शिक्षण घ्यावे काय? काम स्वच्छ आहे, पोटापुरता पगार मिळतो, रुग्णांची सेवाही घडते. मग शंका ती कसली? शंका अशी की, ज्या यंत्राने गर्भातील बालकाचे रक्षण होते त्याच यंत्राच्या आधारे पुष्कळ मुलींचा जन्मापूर्वी घात झाला आहे. अशा यंत्राजवळ उभे राहून भाकर मिळविणे आपल्या विश्वासास शोभते काय, ह्याचा विचार करू.

प्रथम हे साधन काय आहे ते पाहू. मनुष्याच्या कानास ऐकू न येणारा ध्वनी शरीरात सोडावयाचा व आतून परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून पडद्यावर चित्र उमटवावयाचे, अशी ही युक्ती आहे. धातूच्या आतील अदृश्य चिरा शोधण्यासाठी कारखान्यांत असेच साधन वापरीत असत. जालन्याच्या सळयांच्या कारखान्यांत राबणाऱ्या आमच्या बंधूंस हे सहज समजेल. स्कॉटलंडातील ग्लासगो येथे प्रसूतिशास्त्राचे अध्यापक आयन डोनाल्ड यांनी टॉम ब्राऊन नावाच्या तरुण इंजिनियराच्या मदतीने ते रुग्णांच्या सेवेस लाविले, आणि १९५८ साली आपला शोध प्रसिद्ध केला. वार खाली आली आहे, मूल आडवे आहे, जुळे आहे, हे मंठा किंवा घनसावंगी तालुक्यातील गरोदर बाईस आधी कळले, तर ती वेळेवर मोठ्या दवाखान्यात पोहोचते. हे देवाचे दानच होय.

परंतु दानाचे शस्त्र झाले. महाराष्ट्राने १९८८ साली व देशाने १९९४ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. तरीही २०११ च्या शिरगणतीत जालना जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे केवळ ८७० मुली आढळल्या; दहा वर्षांपूर्वी त्या ९०३ होत्या. शेजारच्या बीड जिल्ह्यात तर ८०७ च आढळल्या. निसर्ग एवढा भेद करीत नाही, मनुष्य करितो.

येथे कोणी म्हणेल, “गरोदर स्त्रीची तपासणी करण्याचा अधिकार शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांचा. तंत्रज्ञ केवळ यंत्र सिद्ध करितो व नोंदी ठेवितो. त्याजकडे दोष कसा?” बंधूंनो, स्तेफनावर धोंडमार झाली तेव्हा शौलाने एकही धोंडा उचलला नाही. मारणाऱ्यांनी आपली वस्त्रे त्याच्या पायांशी ठेविली व तो ती राखीत उभा राहिला. पुढे पौल झाल्यावर त्याने ह्या उभे राहण्यास निर्दोष म्हटले नाही. आमच्या देशाचा कायदाही हेच सांगतो: केंद्राच्या मालकाप्रमाणे तेथे तांत्रिक सेवा देणारा नोकरही तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र आहे. खोटी नोंद लिहिणारा हात कोणाचा? ‘एफ’ नमुन्याचा कागद न भरता बाईस आत घेणारा कोण? “मी केवळ नोकर” हे बोलणे पिलाताच्या हात धुण्यासारखे आहे.

तर मग हा धंदाच टाकावा काय? तेही आम्हांस योग्य वाटत नाही. मिसरात शिप्रा व पुवा ह्या सुइणींस फारोने आज्ञा केली की, इब्री स्त्रियांची प्रसूती करिताना मुलगा दिसला तर त्यास मारावे. त्यांनी सुइणपण सोडले नाही, आज्ञा मोडिली. त्या घरी बसल्या असत्या, तर फारोने त्यांच्या जागी भय न बाळगणाऱ्या दुसऱ्या नेमिल्या असत्या. जेथे पापाचा मोह अधिक, तेथे देवाचे भय धरणाऱ्या मनुष्याची गरजही अधिक.

आणखी एक शंका विचारी लोक काढितात. आपण सत्य बोलण्यास शिकवितो. मग बापाने विचारले असता गप्प राहणे हे असत्य नव्हे काय? नव्हे. जे कळले ते सर्व सांगण्यासाठीच कळले असे नाही. विश्वासाने सांगितलेली गोष्ट पाळक चावडीवर बोलत नाही, म्हणून तो लबाड ठरत नाही. ज्या शब्दाने लेकराचा जीव जाईल तो न उच्चारणे हेच सत्याशी इमान राखणे होय. आणि मौन पुरे पाहिजे. “पेढे वाटा” किंवा “बर्फी वाटा” एवढे हसत म्हटले तरी भेद उघड झाला. कायद्याने शब्दाप्रमाणे खूणही वर्जिली आहे.

शेवटी मंडळीचे कर्तव्य. असा तरुण एखादे दिवशी नाही म्हणेल आणि नोकरीस मुकेल. त्या दिवशी आम्ही त्यास “व्यवहार कळत नाही” असे म्हणणार, की त्याच्या घरी दाणे पोहोचविणार? आणि आमच्याच घरी मुलगी जन्मली असता उपकारस्तुतीची प्रार्थना हळू आवाजात होत असेल, तर त्या तरुणाने धैर्य कोणाकडून घ्यावे? उपदेशकांनी मुलामुलींस ह्या शिक्षणास खुशाल पाठवावे. पण पाठविण्यापूर्वी त्यांस शिप्रा व पुवा यांची गोष्ट सांगावी, आणि पाठविल्यावर त्यांस एकटे सोडू नये.